वाचकांचे प्रश्न : सामायिक नकाशा कोणी करावा आणि तो ताजा कोणी ठेवावा?

मागील अंकात आम्ही प्रादेशिक भौगोलिक माहिती प्रणालीविषयी, म्हणजे अनेक संस्थांनी मिळून वापरावयाच्या संगणकीय नकाशाविषयी, वाचकांकडून प्रश्न मागवले होते. नाशिक शहर आणि लगतच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या परिसरातील पाच ग्रामपंचायतींना पाणीपुरवठा, रस्ते, मिळकती आणि सार्वजनिक जागा यांचा एकच सामायिक नकाशा करावयाचा आहे. एका पुरवठादाराने सॉफ्टवेअर, सर्व्हर आणि ड्रोन सर्वेक्षण धरून मोठे अंदाजपत्रक दिले आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक सरपंच, नाशिक तालुका

उत्तर : अंदाजपत्रक तूर्त फाइलमध्येच राहू द्यावे. पाचही गावांचे ग्रामसेवक, तलाठी आणि पाणीपुरवठा कर्मचारी यांना एकत्र बसवून आधी एकच तक्ता करावा. त्यात तीन रकाने असावेत : कोणते थर (लेअर), म्हणजे एकेका विषयाच्या माहितीचे नकाशे, हवे आहेत, त्या प्रत्येकाची माहिती आज कोणाकडे आहे, आणि ती बदलली की सर्वांत आधी कोणाला कळते. तिसरा रकाना पुरवठादारांच्या कागदांत क्वचितच आढळतो, परंतु माझ्या मते सगळी प्रणाली त्याच्यावरच उभी राहते.

जलवाहिनीचा थर घ्या. जोडणीला मंजुरी ग्रामपंचायत देते आणि चर ठेकेदार खोदतो, पण वाहिनी रस्त्याच्या कोणत्या कडेने गेली आणि डांबरीकरणात कोणता व्हॉल्व्ह बुजला, हे फक्त रोज पाणी सोडणाऱ्या माणसाला ठाऊक असते. तो निवृत्त झाला की व्हॉल्व्ह सापडेपर्यंत रस्ता दोन-तीन ठिकाणी फोडावा लागतो. तेव्हा या थराचा पालक म्हणून त्याच कर्मचाऱ्याचे पद नेमावे. त्याला संगणक येत नसला तरी बिघडत नाही. मोबाईलवरील क्यूफील्डसारख्या ॲपमध्ये जागेवर उभे राहून बिंदू टिपणे आणि फोटो जोडणे एवढे त्याला शिकवता येते, आणि ते पुढे नकाशात चढवण्याचे काम दुसरा कोणी करू शकतो.

पायाभूत थर मात्र घरच्या घरी रेखाटू नयेत. जमिनीच्या गटांची रूपरेषा भूमी अभिलेख विभागाकडून घ्यावी. महाभूनकाशा संकेतस्थळावर गावनिहाय नकाशे पाहता येतात. गावठाणातील मिळकतींसाठी स्वामित्व योजनेतून, म्हणजे २०२० पासून चालू असलेल्या ड्रोन मोजणीतून, आपल्या गावाचे नकाशे झाले आहेत का, हे विचारावे. झाले असतील तर त्याच कामासाठी पुन्हा ड्रोनचा खर्च कशाला?

येथे एक अडचण हमखास येईल, म्हणून ती आधीच सांगतो. दोन शेजारी गावांचे जुने नकाशे स्वतंत्रपणे तयार झालेले आहेत. ते संगणकावर शेजारी शेजारी ठेवले की शिवेवर कोठे फट दिसते, तर कोठे एका गावाचा गट दुसऱ्या गावाच्या गटावर चढतो. दोन्ही कडा ओढून एकमेकींना चिकटवण्याचा मोह नवशिक्या ऑपरेटरला आवरत नाही. तसे केले की नकाशा सुबक दिसतो, परंतु कोणाची तरी जमीन काही आरांनी कमी झालेली असते आणि पुढे कोणी हाच नकाशा वादात पुरावा म्हणून पुढे करतो. कागद १:१०,००० प्रमाणाचा असेल तर त्यावरील अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर पाच मीटर रुंद होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे ती फट कोठून आली याचे फारसे आश्चर्य वाटत नाही. योग्य रीत अशी की दोन्ही रेषा जशा आल्या तशा ठेवाव्यात, प्रत्येकीला मूळ कागदाचे नाव व वर्ष जोडावे आणि वादग्रस्त पट्टा वेगळ्या रंगात दाखवून ‘मोजणी आवश्यक’ असा शेरा मारावा. हद्द ठरवण्याचा अधिकार मोजणीला आहे. सामायिक नकाशा कामकाजापुरता असतो आणि तसे नकाशावरच छापलेले असावे.

पोटहिस्स्यांचेही तसेच आहे. सातबारावर गटाचे तीन-चार हिस्से पडलेले असतात आणि नकाशात मात्र अजून एकच अखंड गट दिसत असतो. अंदाजाने आतल्या रेघा मारू नयेत. अखंड गटालाच सर्व सातबारे जोडावेत आणि फाळणीचा नकाशा आल्यावर तो विभागावा.

सॉफ्टवेअरचा विचार सर्वांत शेवटी करावा. क्यूजीआयएस मोफत आहे आणि पाच गावांच्या कामाला पुरून उरते. एका वेळी एकच जण बदल करणार असेल तर सर्व थर एका जिओपॅकेज फाइलमध्ये ठेवता येतील. अनेकांनी एकाच वेळी काम करावयाचे असेल तर पोस्टजीआयएस हा डेटाबेस घ्यावा, कारण त्यात कोणी काय पाहावे आणि कोणी काय बदलावे याचे अधिकार थरागणिक देता येतात. जिओपॅकेज सामायिक फोल्डरमध्ये ठेवून चौघांनी एकदम उघडण्याचा प्रयोग करू नये. फाइल अडकते आणि क्वचित खराबही होते.

प्रश्न : आम्ही मोबाईलवर टिपलेली विहीर जुन्या स्थलदर्शक नकाशावर शेजारच्या मळ्यात दिसते. शिवाय संगणकाने काढलेले शेताचे क्षेत्र सातबारापेक्षा बरेच जास्त येते. चूक मोजणीची की यंत्राची?
— अभियांत्रिकी पदविकेचा एक विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : बहुधा दोन्हींची नाही, निर्देशांक पद्धतीची आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीचा आकार म्हणून गृहीत धरलेल्या एका गणिती आकृतीवर, आधारलेले आहेत, तर मोबाईल डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक पद्धतीत स्थान देतो. दोन्हींतील अक्षांश-रेखांशांचे आकडे सारखे दिसले तरी जमिनीवर त्यांच्यात शेकडो फुटांचा फरक पडतो. जुना नकाशा जोडताना त्याची मूळ पद्धत सांगून रूपांतर करून घ्यावे. चित्र डोळ्यांनी सरकवून बसवू नये, कारण ते एका कोपऱ्यात बसते आणि दुसऱ्यात सुटते.

क्षेत्रफळाचा भाग अधिक रंजक आहे. इंटरनेटवरील बहुतेक पार्श्वनकाशे वेब मर्केटर या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या एका रीतीत, असतात आणि हे प्रक्षेपण विषुववृत्तापासून दूर जावे तसे सर्व काही फुगवते. नाशिक साधारण २० उत्तर अक्षांशावर आहे. तेथे लांबी सहा टक्क्यांहून अधिक फुगते आणि लांबी-रुंदी दोन्ही फुगल्यामुळे क्षेत्र १३ ते १४ टक्के वाढते. शंभर आरांचे शेत त्या प्रक्षेपणात सपाट मोजले तर ११३ आरांहून मोठे भरते. आपल्या पत्रातील आकड्यांचे प्रमाण जवळजवळ हेच आहे, तेव्हा कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही.

त्यावर उपाय म्हणजे संपूर्ण प्रदेशासाठी एकच प्रक्षेपण ठरवून ते लेखी नोंदवणे. नाशिक जिल्हा सुदैवाने यूटीएम या प्रक्षेपण पद्धतीच्या ४३ उत्तर या एकाच पट्ट्यात पूर्ण बसतो, कारण हा पट्टा ७२ ते ७८ पूर्व रेखांशांचा आहे. त्याची संगणकीय खूण ईपीएसजी ३२६४३ अशी आहे. याही पद्धतीत अंतर किंचित आक्रसते, परंतु नाशिकजवळ तो फरक किलोमीटरमागे वीस-बावीस सेंटिमीटर एवढाच असल्याने गावपातळीच्या कामात तो जाणवत नाही. माहितीची देवाणघेवाण अक्षांश-रेखांशांत करावी आणि मोजमाप यूटीएममध्ये. अक्षांश-रेखांश लिहिताना दशांशानंतरचे आकडे तोडू नयेत : आपल्याकडे चौथ्या स्थानाचा एक अंक म्हणजे सुमारे ११ मीटर होतात, त्यामुळे तिसऱ्या स्थानावर थांबलात तर विहीर पुन्हा शेजारच्या मळ्यात जाईल.

मोबाईलकडून अपेक्षाही बेताची ठेवावी. मोकळ्या रानात तो पाच-दहा मीटरांच्या आत स्थान देतो, पण जुन्या नाशकातील वाड्यांच्या बोळांत किंवा दाट आमराईत तो त्याहून बराच भरकटतो. दिव्याच्या खांबांसाठी हे चालते, बांधासाठी चालत नाही. बांधाला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स केंद्रांचा, म्हणजे उपग्रहाकडून मिळालेल्या स्थानातील चूक सुधारून देणाऱ्या कायमच्या केंद्रांचा, आधार घेणारे आरटीके हे मोजणी यंत्र लागते. त्याची अचूकता काही सेंटिमीटरांची असते. प्रत्येक बिंदूच्या नोंदीत तो कोणत्या साधनाने टिपला, हा रकाना सक्तीचा करावा. मोबाईलचा आणि आरटीकेचा बिंदू पडद्यावर अगदी सारखाच दिसतो.

प्रश्न : जिल्हा परिषदेची, जनगणनेची आणि आमची गावांची यादी नावावरून जोडली की निम्मी गावे सुटतात. काय करावे?
— एक संगणक परिचालक, निफाड तालुका

उत्तर : नावावरून जोडणे सोडून द्यावे. एका यादीत ‘पिंपळगाव’, दुसरीत ‘पिंपळगांव’, तिसरीत ‘पिंपळगाव (ब.)’ आणि चौथीत रोमन लिपी, त्यात पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव बहुला आणि पिंपळगाव खांब ही वेगवेगळी गावे. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला आणि ग्रामपंचायतीला स्वतंत्र सांकेतांक आहे. तो प्रत्येक थरात ठेवावा, २०११ च्या जनगणनेचा सांकेतांक शेजारच्या रकान्यात ठेवावा आणि नावे केवळ वाचण्यासाठी ठेवावीत.

आणखी एक खोच आहे. शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल-प्रकारात रकान्याचे नाव दहा बाइटांपेक्षा मोठे चालत नाही आणि युनिकोडमधील देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे ‘गावाचे नाव’ असा रकाना केला तर त्यातले ‘गाव’ एवढेच शिल्लक राहते. त्यामुळे मराठी माहिती शेपफाइलऐवजी जिओपॅकेजमध्येच ठेवावी. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली माहिती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी आणि बदलानंतर रफार व जोडाक्षरे माणसाने वाचून तपासावीत.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे अनेक खाती नकाशे करत आहेत. पर्वणी संपल्यावर त्यांचे काय होते? आमच्या कार्यालयातही पूर्वी सल्लागाराने सुंदर प्रणाली करून दिली होती. आज ती उघडतसुद्धा नाही.
— एक निमशासकीय कर्मचारी, नाशिकरोड

उत्तर : आपल्या कार्यालयात घडले ते अनेक ठिकाणी घडते आणि त्याचे कारण सहसा तांत्रिक नसते. करारात नकाशा ‘तयार करून देणे’ लिहिलेले असते, तो पुढे कोणत्या कामातून बदलत राहील हे लिहिलेले नसते. वेगळा वेळ काढून नकाशा अद्ययावत करावा, असे परिपत्रक काढले तर पहिल्या महिन्यात ते पाळले जाते आणि नंतर विसरले जाते. ज्या कामामुळे जमिनीवर बदल होतो, त्याच कामाच्या शेवटच्या पायरीत नकाशाचा बदल बसवावा लागतो. जलवाहिनीच्या कामाचे अंतिम देयक, वाहिनी प्रत्यक्ष जशी टाकली तशी रेषा थरात चढल्याशिवाय, मंजूर करू नये. लेखा विभागाला ही अट समजावण्यात जो वाद होईल तो एकदाच होईल. मग ठेकेदार स्वतःहून रेषा घेऊन येतात. मला विचाराल तर सामायिक प्रणालीतील कोणत्याही सर्व्हरपेक्षा ही एक अट अधिक मोलाची आहे.

सिंहस्थाच्या बाबतीत तात्पुरते आणि कायमचे यांची फारकत आजच करावी. साधुग्रामातील विभाग, तात्पुरती शौचालये, वाहनतळ आणि गर्दीचे मार्ग यांना ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा द्याव्यात, म्हणजे पर्वणीनंतर ते नकाशातून आपोआप मागे पडतील, पण पुढच्या सिंहस्थाच्या नियोजनासाठी संग्रहात राहतील. रुंद झालेले रस्ते, नवे पूल, जलवाहिन्या आणि मलवाहिन्या या मात्र महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा संबंधित खात्याच्या नित्याच्या थरांत जाव्यात. कोणती वस्तू कोणाच्या थरात जाईल याचा तक्ता गर्दी सुरू होण्यापूर्वी सह्यांनिशी ठरावा. नंतर ज्याला त्याला आपापले काम असते.

अनेक स्वायत्त संस्थांनी हे टिकवून दाखवल्याचे उदाहरण अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात आहे. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांभोवतीच्या सात काउंटी १९९० च्या दशकापासून ‘मेट्रोजीआयएस’ या स्वेच्छेच्या व्यवस्थेत एकत्र काम करत आहेत. जमिनीच्या तुकड्यांची माहिती प्रत्येक काउंटी आपल्याच पद्धतीने आणि आपल्याच संगणकावर राखते. ठरावीक काळाने ती ठरलेल्या समान रकान्यांत उतरवली जाते आणि मेट्रोपॉलिटन कौन्सिल ही प्रादेशिक संस्था ती एकत्र सांधते. कोणाचाही डेटा हिरावून एका छताखाली आणलेला नाही, म्हणूनच विरोध कमी झाला असावा. आपल्याकडे भूमी अभिलेख, महापालिका, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, जलसंपदा आणि महावितरण यांना एकच सॉफ्टवेअर घ्यायला लावण्याचा खटाटोप करण्यापेक्षा समान रकाने आणि ठरलेली तारीख एवढ्यावर एकमत करणे सोपे आहे. डब्ल्यूएमएस आणि डब्ल्यूएफएस ही खुली मानके वापरली तर एकाचा थर दुसऱ्याच्या नकाशात फाइल न पाठवताही दिसतो.

पुढच्या करारात चार ओळी तेवढ्या घालून घ्याव्यात : मूळ माहिती खुल्या स्वरूपात मिळेल, सर्व परवलीचे शब्द कार्यालयाच्या ताब्यात राहतील, प्रत्येक थराची उगमनोंद, म्हणजे माहिती कोठून आली याची नोंद, दिली जाईल, आणि सल्लागाराच्या मदतीविना राखीव प्रतीवरून (बॅकअपवरून) प्रणाली परत उभी करण्याची चाचणी कार्यालयातील कर्मचारी करून दाखवतील. शेवटची ओळ वाचून पुरवठादार कुरकुर करतो. ती काढू देऊ नये.

प्रश्न : आम्ही गोदाकाठी राहतो. १९६९, २००८ आणि २०१९ च्या पुरांत पाणी कोठवर आले होते हे जुन्याजाणत्यांना आठवते. या खुणा नकाशावर घातल्या तर पूररेषा दुरुस्त करून मिळेल का?
— एक ज्येष्ठ नागरिक, पंचवटी

उत्तर : आपोआप मिळणार नाही, तरीही खुणा अवश्य घालाव्यात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, अशी जलसंपदा विभागाची व्याख्या आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते आणि दोन रेषांच्या मध्ये ते अटींवर होते. या रेषा जलशास्त्रीय गणितातून येतात, त्यामुळे नागरिकांच्या खुणांचा थर त्यांच्यापासून वेगळा ठेवावा. दोन्ही एकत्र दाखवता येतात, मिसळू नयेत.

नाशिककर पूर गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. पाणी गुडघ्याला लागले की कमरेला, छातीला की गळ्याला, एवढ्यावर सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायचा की नाही ते ठरवतात. या मोजपट्टीला हसण्याचे कारण नाही. मूर्ती हलत नाही आणि खुणा पिढ्यान्‌पिढ्या त्याच आहेत. मात्र संगणकाला गुडघा समजत नाही. जवळच्या तलचिन्हापासून, म्हणजे उंची आधीच ठरलेल्या खुणेपासून, लेव्हल यंत्राने मूर्तीच्या प्रत्येक खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची एकदा काढून घ्यावी, म्हणजे ‘कमरेएवढे पाणी’ या जुन्या आठवणीलाही मीटरमधला आकडा मिळतो. ही उंची मोबाईलवरून घेऊ नये. उपग्रहाकडून मूळ उंची मिळते ती लंबगोलापासूनची; नाशिकमध्ये ती आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत पन्नास मीटरांहून अधिक अंतर आहे, शिवाय उभ्या दिशेने मोबाईलची चूक नेहमीच मोठी असते.

वाड्यांच्या भिंतींवरील खुणा टिपताना पुराचे वर्ष, खूण कोणी दाखवली, त्या व्यक्तीने स्वतः पाणी पाहिले की ऐकून सांगितले, आणि भिंत त्यानंतर दुरुस्त झाली का, हे चार रकाने भरावेत. पाणी नदीतून आले की पावसाळी गटारातून उलटे वर चढले, हेही विचारावे. नासर्डीकाठच्या वस्त्यांत हा फरक विशेष महत्त्वाचा आहे. अशा खुणा पुरेशा जमल्या की गणिताने आखलेली रेषा कोठे प्रत्यक्षाशी जुळत नाही हे ठिकाणासह दाखवता येते, आणि फेरतपासणीच्या अर्जाला तेवढा आधार लागतोच.

प्रश्न : सामायिक नकाशात मालकाचे नाव, मोबाईल क्रमांक आणि थकबाकी दाखवावी का? आणि ड्रोन उडवायला परवानगी लागते का?
— एक ग्रामपंचायत सदस्य, दिंडोरी तालुका

उत्तर : मोबाईल क्रमांक आणि थकबाकी सर्वांना दिसणाऱ्या थरात मुळीच ठेवू नयेत. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा तर आहेच, पण कायदा नसता तरी गावात त्यावरून भांडणे लागली असती. नकाशात मिळकत क्रमांक ठेवावा आणि बाकीची माहिती वसुली लिपिकाच्या स्वतंत्र तक्त्यात ठेवावी.

नकाशे करण्यावरील बरीच पूर्वपरवानगी फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांसाठी काढून टाकली, परंतु ड्रोनचे उड्डाण हा निराळा विषय असून त्याला २०२१ चे ड्रोन नियम लागू होतात. दिंडोरी तालुक्याला ओझरचा विमानतळ जवळ आहे आणि शहराच्या बाजूला देवळालीची लष्करी हद्द आहे. म्हणून उड्डाणाची तारीख ठरवण्यापूर्वी डिजिटल स्काय संकेतस्थळावर आपले शिवार हिरव्या (मोकळ्या), पिवळ्या (परवानगीच्या) की लाल (मनाईच्या) क्षेत्रात येते ते पाहावे आणि ड्रोन चालवणाऱ्याकडून त्या पानाची छापील प्रत कराराला जोडून घ्यावी.